व्याह्यांना गढी दाखवली!

“अमावस्या आहे? मग तर त्याच दिवशी जायचं!” जगदेव खिल्लारे सर म्हणाले, आणि कॅलेंडरवरच्या त्या काळ्या टिकलीवर त्यांनी असं बोट आपटलं, की खिळ्यासकट कॅलेंडर खाली आलं!

सर मंगरूळपीरच्या एका शाळेत इतिहास शिकवतात आणि उरलेल्या वेळात तालुकाभर फिरून अंधश्रद्धेवर भाषणं देतात. भूत, भानामती, करणी, गुप्तधन, कोणालाच सोडत नाहीत. बोलायचं ते करून दाखवायचं, असा त्यांचा बाणा. म्हणून घराचा पाया अमावस्येला खणला, स्कूटर अमावस्येला आणली आणि स्वतःचं लग्नही अमावस्येलाच लावलं. त्या दिवशी मंडपवाले, बँडवाले सगळे रिकामेच होते. निम्मे पाहुणे आले नाहीत, तो भाग वेगळा.

“पन गढीत?” कॅलेंडर उचलत अंजनाबाई म्हणाल्या. “अमावस्येले गढीत कोनी जाते काय?”

“कोनी जात नाही म्हनूनच आपन जाऊन राह्यलो!”

आता या माणसाला गढीत जायची एवढी घाई काहून? तर व्याह्यांसाठी!

सरांची एकुलती एक लेक वैभवी पुण्यात दिलेली. व्याही उकंडराव मूळचे अकोल्याकडचे, पण नोकरीसाठी पुण्यात जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड पार धुऊन निघालं होतं. नावाचं मात्र काही करता आलं नाही. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलेलं ते पोर, त्यामुळे नाव उकंडा! दारावरच्या पाटीवर ते नुसतं ‘यू. आर.’ लिहितात.

तर हे यू. आर. गेल्या वर्षी मुलाबरोबर जर्मनीला जाऊन आले. तिथे त्यांनी एक दिवसाची खासगी सहल केली. खास यांच्यासाठी गाडी, खास यांच्यासाठी गाइड, आणि बघायला काय, तर जुन्या काळच्या सरदारांचे किल्ले आणि साधूंचे मठ! त्या एका दिवसाने खिल्लारे सरांचं अख्खं वर्ष नासवलं. फोन केला की किल्ला, भेट झाली की मठ! “आमच्या जर्मनीत ना...” अशी सुरुवात झाली की सर आपोआप चपला शोधू लागत.

तेही सरांनी सहन केलं असतं. पण मागच्या खेपेला वैभवी माहेरी आली आणि बोलता बोलता म्हणाली, “बाबा, आमचे पप्पा जेवताना नेहमी विचारतात, तुमच्या वाशीमला बघण्यासारखं आहे तरी काय? मग सगळे हसतात. मीपण हसते.”

ते ‘मीपण हसते’ सरांना लागलं. लेक हसते याचं त्यांना काही नव्हतं, पण तिला हसावं लागतं, हे त्यांच्या जिवाला डाचत राहिलं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, या माणसाला वाशीम जिल्ह्यातला किल्ला दाखवायचा, मठ दाखवायचा आणि त्याच्याच तोंडून ‘मानलं!’ म्हणवून घ्यायचं.

संधी आली. उकंडराव एका लग्नासाठी अकोल्यापर्यंत येणार होते आणि त्यांचा रविवार मोकळा होता. सरांनी फोन लावला. “इवाईबुवा, जय भीम! रविवारी खासगी सहल आहे. गाडी आमची, गाइड मी स्वतः आणि जेवण किल्ल्यात!”

“किल्ल्यात? तिकडे आम्हाला किल्ल्यात अख्खा बोकड सळईवर भाजून दिला होता हं.”

“आम्ही रोडगे भाजू!” सर गरजले.

रोडगे म्हटले की खड्डा आला. त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारे पडले की कणकेचे गोळे आत पुरायचे, वर राख ओढायची. त्यामुळे शेलूबाजारच्या धरमसिंगची जीप रविवारी दारात आली, तेव्हा तिच्यात गोवऱ्यांचं पोतं चढलं, फावडं चढलं, वांगी चढली, वरणासाठी हळद चढली आणि पिशवीभर निंबं, म्हणजे लिंबं चढली. इतिहासाच्या चार वह्या घेऊन पुढे सर बसले. मागे अंजनाबाई आणि पांढराशुभ्र सदरा घातलेले उकंडराव.

पहिला मुक्काम मठ. सरांनी वाटभर या मठाचं असं वर्णन केलं होतं, की उकंडरावांनी चष्मा पुसून ठेवला होता. मठाचं दार उघडंच होतं. आत यात्रेचे मोठाले भोंगे रचून ठेवलेले आणि त्यांच्यावर एक सेवेकरी घोरत पडलेला.

“महाराज कुठं आहेत?” सरांनी विचारलं.

“इंझोरीले गेले,” सेवेकरी डोळे न उघडता म्हणाला. “मोबाइल दुरुस्त कराले.”

“आणि शिलालेख? इथं एक शिलालेख होता!”

“हाय न. भोंग्याच्या मांगं हाय. यात्रेत भोंगे बाहीर निंगतात, तवा दिसते थो.”

उकंडरावांना हे दिसतच होतं. ते हळूच म्हणाले, “तिकडे मठातले साधू स्वतः बिअर बनवतात हं. स्वतःच्या हातांनी!”

आता मात्र सेवेकऱ्याने डोळे उघडले. उठून बसला. “कोन्या गावचा मठ म्हनता जी? तेथं सेवेकऱ्याची भरती चालू हाय काय?”

सरांनी व्याह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. हरकत नाही! मठ गेला तर गेला, किल्ला आपला हुकमाचा पत्ता आहे, असं ते स्वतःला जीपमध्ये पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

गढी ज्या गावात होती, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सरांना अजून त्या रस्त्याने जावं-यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी भाषणासाठी गेले असताना त्यांनी ती हेरून ठेवली होती. दोन बुरूज उभे, दोन बसलेले, आत बाभळीचं रान. मालक देशमुख कधीचेच अमरावतीला स्थायिक झालेले. पण समोरचा दरवाजा मात्र शाबूत, सागवानी, खिळ्याखिळ्यांचा!

“छप्पर?” उकंडरावांनी वर बघत विचारलं.

“काळाच्या ओघात गेलं.”

“तिकडे चिलखतं मांडून ठेवली होती. इथे?”

“इथे...” सरांनी चौफेर पाहिलं. इथे बकऱ्या होत्या. “इथे वातावरण आहे!”

अंजनाबाईंनी एक सपाट दगड झाडून त्यावर निंबं कापायला घेतली. हळदीचा डबाही शेजारीच ठेवला. धरमसिंगने बुरुजाच्या सावलीत खड्डा खणला, गोवऱ्या पेटवल्या. निखारे झाले, रोडगे पुरले गेले. आणि शेवटची राख ओढायला तो वाकला, तो वाकलेलाच राहिला!

“अरे मेलो! सर, उसन भरली! पाठीत उसन भरली!”

सकाळपासून आंबट तोंड करून बसलेले उकंडराव एकदम खुलले. “सरका, सरका! मी पायाळू आहे!”

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसाने लाथ मारली की पाठीतली उसण पळते, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धनही दिसतं, असंही मानतात. आणि या दोन्ही गोष्टींवर खिल्लारे सरांचं एकेक तासाचं भाषण आहे.

“इवाईबुवा, हे शास्त्राला धरून नाही!”

“शास्त्राला नसेल. त्याच्या पाठीला विचारा!” म्हणत उकंडरावांनी बूट काढला, धरमसिंगला पालथा पाडला आणि कमरेवर नेम धरून एक ठेवून दिली.

धरमसिंग उभा राहिला. इकडे वळला, तिकडे वळला. “गेली! सर, गेली बरं!”

“अरे, ती आपोआप जाणारच होती!”

“हो जी. पन लाथ बसल्यावरच गेली न.”

हे सगळं पडक्या भिंतीच्या खिंडारातून एक म्हातारी बघत होती. ती होती बकऱ्या चारणारी धुरपताबाई. तिने अमावस्येच्या दिवशी गढीत काय पाहिलं, ते जरा तिच्या डोळ्यांनी पाहा. खड्डा खणलेला. धूर निघतोय. दगडावर निंबं कापलेली. एक पांढऱ्या कपड्यातला माणूस “मी पायाळू आहे” म्हणत दुसऱ्याला लाथ घालतोय!

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण उकंडरावांच्या औषधाची वेळ झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना डोळ्यांत थेंब टाकायचे असतात. ते त्यांनी टाकले. मग बुरुजाचा फोटो खालून भव्य येतो म्हणून ते जमिनीवर पालथे झाले आणि मोबाइल मातीला टेकवून एका डोळ्याने बघू लागले. त्याच वेळी धुरपताबाईचं एक पाठरू, म्हणजे बकरीचं पिल्लू, वांग्यांच्या वासाने आत शिरलं, हळदीच्या डब्यावर पडलं आणि पिवळंधमक होऊन बाहेर आलं!

धुरपताबाई बकऱ्या तिथेच टाकून गावाकडे जी सुटली, ती या वयात कोणी सुटत नाही.

थोड्या वेळाने दरवाज्याची बाहेरची कडी वाजली. धाडकन!

“कोण आहे रे?” सरांनी आवाज दिला.

“आमी हाओ!” बाहेरून अख्खं गाव म्हणालं. खिंडारातही चारपाच दांडकेवाले उभे राहिले.

फळ्यांच्या फटीतून एक मिशी दिसली. ती गावच्या पोलीसपाटलाची, देवमनची होती. “किती खनलं?” मिशीने विचारलं.

“काय किती खनलं?”

“आता वेड घेऊ नका. फावडं काहून आनलं?”

“रोडगे कराले!”

“रोडग्यासाठी गढी लागते काय? निंबू काहून कापले?”

“वरनात टाकाले!”

“अन् माह्या पाठराले हयद काहून लावली?” धुरपताबाई मागून किंचाळली. “बयी देऊन राह्यले थे! बयी!”

बळीचं नाव निघालं आणि गर्दी पुढे सरकली. आणि तेव्हा, वाचकहो, उकंडरावांचं इतक्या वर्षांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. ते दाराकडे धावले आणि त्यांच्या तोंडून शुद्ध वऱ्हाडी बाहेर पडली. “बाप्पा हो! मले जाऊ द्या! माहा काई संमंद नाई याच्यात! मी पुन्याहून आलो हो, पुन्याहून!”

“आयका! पुन्याहून मांत्रिक आनला!” बाहेरून कोणीतरी ओरडलं.

“अन् अमावस्याच काहून धरली?” मिशीने विचारलं.

आता सर बुरुजासारखे ताठ झाले. हा त्यांच्या विषयातला प्रश्न होता! “अमावस्येला काही होत नसते, हे दाखवाले!”

“आता होईन,” मिशी शांतपणे म्हणाली.

मग मात्र सरांनी शेवटचं अस्त्र काढलं. “देवमनभाऊ, मले ओयखलं नाही? मी जगदेव खिल्लारे! दोन वर्षांपूर्वी तुमच्याच गावात अंधश्रद्धेवर भाषन देऊन गेलो!”

बाहेर कुजबुज झाली. “हो रे, हे त थेच सर होत.” “चांगले मानूस हायेत, बावा.” सरांनी व्याह्यांकडे विजयाने पाहिलं. बघा, आपल्याला जिल्हा ओळखतो!

“पन भाषनात काय म्हनलं होतं त्याइनं?” देवमनने विचारलं.

“म्हने गढीत काईच नाई. गढीत कोनी खनू नका, म्हने!”

 मग धुरपताबाईचा आवाज आला. “म्हंजे मेल्याचा तवापासूनच डोया होता गढीवर!”

सर मटकन खाली बसले. तासभर घसा फोडून दिलेलं भाषण, हार घालून केलेला सत्कार, पोरांच्या टाळ्या, सगळंच उलटून अंगावर आलं होतं. उकंडराव भिंतीला टेकून पुटपुटत होते, “जर्मनीत असं नसते होत बाप्पा... असं नसते होत...” सरांना वाटलं, आता ही गोष्ट पुण्यात रोज जेवणाच्या ताटावर निघणार. आणि वैभवी पुन्हा हसणार.

अंजनाबाई उठल्या. पदर खोचला आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, “मावशी, तुमच्या पाठरानं आमची किलोभर हयद सांडली, त्याचं काय कराचं थे मांगून पाहू. पन माहे रोडगे जयून राह्यले! दार उघडा, आत या, अन् हा खड्डा तुमीच उकरा. सोनं निंगालं त तुमचं. रोडगे निंगाले त जेवून जा!”

असा सौदा कोण नाकारेल? कडी निघाली. गाव आत आलं. देवमनने स्वतः फावडं घेतलं आणि सगळं गाव श्वास रोखून खड्ड्याभोवती उभं राहिलं. राख बाजूला झाली. एक रोडगा निघाला, दुसरा निघाला. खरपूस, बदामी, वाफाळलेले! एका संशयी गृहस्थाने तरीही एक फोडून आत पाहिलं. मग खाऊनही पाहिला.

“रोडगाच हाय!” त्याने निकाल दिला.

मग काय विचारता! चौघांचं जेवण गावाला पुरणार थोडंच? घराघरातून भाकरी आल्या, ठेचा आला, दही आलं. देवमन ओशाळून म्हणाला, “सर, राग नका मानू. मांगं खरंच कोनीतरी येऊन बुरूज पोखरून गेलते, म्हनून गाव जरा तापेल हाय.” धुरपताबाईने अंजनाबाईंना घरची हळद आणून दिली आणि पाठराला एक धपाटा घातला.

जेवण झालं. सरांनी ओळखलं, हीच वेळ! गाव जमलेलं आहे, किल्ला आहे, व्याही आहेत. ते दगडावर चढले, वही उघडली आणि म्हणाले, “बंधू-भगिनींनो, या गढीचा इतिहास...”

पण बंधू-भगिनींच्या पाठी सरांकडे होत्या. देवमन उकंडरावांपाशी जाऊन लाजत विचारत होता, “सायेब, थे पायाळूचं खरं हाय काय? माह्या कंबरीत दिवाळीपासून चमक हाय.”

उकंडरावांनी बूट काढला. देवमन पालथा झाला. लाथ बसली. देवमन उठला आणि त्याने कोणाला काही सांगायच्या आतच रांग लागली! कापूस वेचून वाकलेल्या बाया आल्या, पोती उचलून आखडलेले गडी आले, आणि सगळ्यांत पुढे धुरपताबाई! दोन बुरुजांच्या मध्ये व्याही लाथा घालत होते आणि लोक हात जोडून “लय उपकार झाले सायेब” म्हणत होते. सरांचं भाषण ऐकायला एकटं ते पिवळं पाठरू उरलं होतं. तेही थोड्या वेळाने गेलं.

निघताना गावाने उकंडरावांना दुपट्टा-नारळ दिला. सरांना कोणीतरी म्हणालं, “तुमीपन येत जा सर, सायबासोबत.”

आणि मग ते झालं! उरलेल्या गोवऱ्यांचं पोतं जीपमध्ये टाकायला सर वाकले आणि त्यांच्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला. त्यांनी ओठ चावला. कुणाला कळू दिलं नाही. कुबड काढून जीपमध्ये बसले.

“मग इवाईबुवा?” वाटेत त्यांनी दात दाबून विचारलं. “कसा वाटला आमचा किल्ला?”

“किल्ला?” उकंडराव दुपट्टा सारखा करत म्हणाले. “किल्ला बघायला वेळच कुठे मिळाला हो? मी आपल्या पाठीच बघितल्या!”

सरांचा जीव थोडा थोडा झाला. मठ गेला, किल्ला गेला, लेकीचं माहेर आहे तिथेच राहिलं. शिवाय शेलूबाजारच्या अलीकडे रस्ता असा, की दर खड्ड्याला पाठीतून वीज निघून टाळूतून बाहेर पडत होती.

“सांगा न इवाईले,” अंजनाबाई कानाशी म्हणाल्या. त्यांच्यापासून काय लपणार?

“मरून जाईन, पण...”

पुढचा खड्डा आला.

“धरमसिंग, गाडी थांबव!”

रस्त्यालगत तुरीचं शेत होतं. खिल्लारे सर, अंधश्रद्धेवरचे तालुक्यातले सगळ्यांत नामांकित वक्ते, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतात पालथे झाले. उकंडरावांनी बूट काढला, पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

“आधी ‘मानलं’ म्हणा.”

“काय?”

“पायाळूला मानलं म्हणा. शास्त्राला धरून नाही म्हणालात ना मघाशी?”

सर गवतात तोंड खुपसून पडले होते. नाकाशी मुंगळे फिरत होते. इतक्या वर्षांची भाषणं डोळ्यांपुढून गेली. मग वैभवी आठवली, पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर हसणारी. “म्हणतो,” ते गवतातून म्हणाले. “पण तुम्हीही पोरीसमोर म्हणायचं. वाशीमला बघण्यासारखं आहे, असं. सगळ्यांसमोर!”

“म्हणजे काय! रोज म्हणेन!” उकंडरावांना गहिवरून आलं. “अहो, जर्मनीत मला एवढा मान कोणी दिला नव्हता!”

“मग... मानलं!”

लाथ बसली.

सर उठले. इकडे वळले, तिकडे वळले. कपडे झटकून मुकाट्याने जीपमध्ये जाऊन बसले. सगळं सहन केलं असतं हो त्यांनी. पण सगळ्यांत वाईट काय झालं, तर उसण खरंच गेली!